गंगापूर धरणाच्या काठावर जेवण आहे, वाइन कोणती आणू?

मृण्मयी_डोंबिवली

नमस्कार मंडळी. मार्चच्या दुसऱ्या शनिवारी आई-बाबांच्या लग्नाला 40 वर्षं पूर्ण होतायत. गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला, सावरगाव रस्त्यावर एक बंगला दोन दिवसांसाठी घेतलाय. एकूण चौदा जण आहोत. जेवण गावातल्याच एक ताई चुलीवर करून देणार आहेत. काळ्या मसाल्याचं मटण (सुकं आणि रस्सा दोन्ही), धरणातली चिलापी रवा लावून तळलेली, वांग्याचं भरीत, मसालेभात, बाजरीची भाकरी. आधी कोथिंबीर वडी आणि कांदाभजी, शेवटी जिलेबी आणि बासुंदी. जिलेबी हा बाबांचा हट्ट आहे, त्यावर चर्चा नाही.

भावाचं म्हणणं असं की एवढ्या वायनरींच्या शेजारी राहायचं तर वाइन हवीच, आणि ती इथलीच हवी. पण दिवाळीत त्याने एक महागातली शिराझ आणली होती. कुठल्याशा टेस्टिंगमध्ये त्याला सांगितलं होतं, मटणाबरोबर रेड आणि माशाबरोबर व्हाइट. मटणाचा रस्सा आणि ती वाइन पाठोपाठ तोंडात गेल्यावर नुसती आग! वाइन कडू लागत होती आणि रस्सा दुप्पट तिखट. शेवटी बाटली बाजूला ठेवून सगळ्यांनी ताक प्यायलं.

पिणारे नऊ आहेत, त्यातले निम्मे "कधीतरी" वाले. आईने आयुष्यात घेतलेली नाही, पण यावेळी "चव बघेन" म्हणतेय. कोणती वाइन, कशाबरोबर, किती बाटल्या? जाणकारांनी सांगा.

सोलकढी_फॅन

धरणाचा काठ, चुलीवरचं मटण, बाजरीची भाकरी. एवढं सगळं असताना आंबलेला द्राक्षरस कशाला हवाय? आपल्या जेवणाला वाइन जात नाही हो, उगाच साहेबी खूळ. वाटीभर सोलकढी करा आणि मोकळे व्हा.

(निषेध नोंदवून पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.)

बागवाला_गंगावऱ्हे

मृण्मयीताई, आधी आई-बाबांना आमचा नमस्कार सांगा.

मी या धरणाच्या काठचाच. घरची बाग आहे, थोडी वाइनच्या द्राक्षाची, बाकी खायच्या द्राक्षाची. वायनरीला माल घालतो, वाइन बनवत नाही, त्यामुळं मला कुणाचीच बाटली खपवायची नाही. पण आपल्या मालाचं पुढं काय होतं ते चाखायची खोड लागली, आणि घरात रोजचं जेवण तिखटजाळ. तेव्हा कशाला काय चालतं ते जिभेला कळत गेलं.

मटणाला रेड नि माशाला व्हाइट हा नियम जिथून आला तिथं मटण म्हणजे मीठ-मिरी लावून भाजलेला तुकडा, आणि मासा म्हणजे लोण्यातला मासा. आपल्याकडं मटण हे निमित्त आहे, जेवतो आपण मसाला. म्हणून वाइन ठरवायची ती मसाल्याकडं बघून. तिखट किती, आंबट किती, तेल किती, पदार्थ कोरडा आहे का पातळ, एवढं बघितलं की निम्मं काम झालं. तो मासा आहे, कोंबडी आहे का वांगं आहे हे त्यानंतर.

तुमच्या भावाच्या शिराझचं काय झालं ते सांगतो. तुम्ही येताय तेव्हा तोडणी संपत आलेली असेल, पण कुठं वेलीवर शिराझ राहिली असली तर बागवाल्याला विचारून एक मणी तोंडात टाका. खायच्या थॉमसनसारखा नसतो. मणी बारका, साल जाड, आत बिया. रस चांगला गोड, 23-24 ब्रिक्सपर्यंत (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) गेलेला, बोटं जांभळी होतात. पण साल नीट चावली की हिरड्यांना आणि गालाच्या आतून ओढल्यासारखं कोरडं कोरडं होतं. बी हिरवी असली तर कडू जहर. तपकिरी होऊन दाताखाली कट्कन फुटली म्हणजे माल तयार, तोडायला हरकत नाही. आम्ही मशीन लावून साखर मोजतोच, पण वायनरीचा माणूस बागेत आला की बी चावूनच बघतो.

ती जी ओढ आहे ना, ते टॅनिन. रेड करताना रस सालीबियांसकट आंबवतात म्हणून ते वाइनमध्ये उतरतं. व्हाइटला साली आधीच बाजूला करतात. टॅनिनला चरबी आणि प्रथिनं भेटली की ते त्यांना धरून बसतं आणि वाइन मऊ लागते. मिरची भेटली की मात्र सगळं उलटं होतं. तिखटानं आधीच पेटलेल्या जिभेवर टॅनिन खरखरतं, आणि वर साडेतेरा-चौदा टक्के अल्कोहोल त्या आगीत आणखी भर घालतं. त्यात रस्सा वाफाळता. वाइन चांगलीच असणार, पण तिला बसवली चुकीच्या पाटावर.

तर सुकं मटण आणि रस्सा हे दोन वेगळे पदार्थ धरा.

सुक्याबरोबर शिराझ खुशाल उघडा. चुलीवर परतलेलं, कांदा-सुकं खोबरं काळं होईस्तोवर भाजून वाटलेलं, लवंग, मिरे, दगडफूल. यातला मिरीचा वास शिराझमध्येही येतो आणि तो भास नाही. काळ्या मिरीत जो घटक असतो, रोटंडोन, तोच शिराझच्या सालीत असतो. त्यामुळं एक घास नि एक घोट घेतला की दोघं एकमेकांना ओळख देतात. स्वयंपाकाच्या ताईंना एवढंच सांगा की सुक्यात लाल तिखट हात राखून, काळा मसाला मोकळ्या हातानं, आणि तुकडे जरा चरबीचे. लिंबू पिळायला पाहिजे तर बाजूला ठेवा. शिराझ इथल्या मार्चच्या उन्हात खोलीत ठेवलेली पिऊ नका. "रूम टेम्परेचर" म्हणतात ते सोळा-अठरा अंश, आपल्या खोल्या तीसच्या वर. अर्धा तास फ्रीजमध्ये टाका, मग उघडा. गरम शिराझ म्हणजे नुसता अल्कोहोलचा भपका.

रश्श्याला चेनिन ब्लांक. थंडगार. बऱ्याच लोकांना हे पटत नाही, "मटणावर व्हाइट?" म्हणतात. प्या आणि मग बोला. इथली चेनिन बहुतेक किंचित गोडसर ठेवलेली असते. इथल्या सुला वायनरीची तशीच आहे, यॉर्क वायनरीचीही त्याच वळणाची. तो गोडवा तिखटाला आवरतो, थंडपणा आग विझवतो, आणि आंबटपणा असतो म्हणून तेलाची तर्री घशात बसत नाही. अल्कोहोलही शिराझपेक्षा कमी. गूळ-चिंचेची आमटी आपल्याला का आवडते? तेच गणित आहे हे.

हा आंबटपणा आमच्या रानातला आहे बरं का, कारखान्यातला नाही. युरोपात द्राक्षं उन्हाळ्यात वाढतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला तोडतात. आपण एप्रिलला खरड छाटणी करतो, सप्टेंबर-ऑक्टोबरला फळासाठीची गोडी छाटणी, आणि माल पिकतो थंडीत. पावसाळ्यात वेलीला फळ धरू द्यायचंच नाही, नाहीतर केवडा रोग सगळं खाऊन टाकतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास. जानेवारीत दुपारी अंगातला शर्ट ओला होतो आणि पहाटे शेकोटी लागते. दिवसा साखर भरते, रात्रीच्या गारठ्यात आंबट टिकून राहतं. चेनिनला हे फार मानवलं. 1990 च्या दशकापर्यंत गोवर्धन-गंगापूरचा हा पट्टा बराचसा गवताचा माळ होता. सुलाचे राजीव सामंत अमेरिकेतून येऊन इथं वाइनची द्राक्षं लावतायत म्हटल्यावर आमच्या घरातली जुनी माणसं हसली होती. सुलाच्या पहिल्या बाटल्या 2000 साली निघाल्या आणि मग जो तो खड्डे खणायला लागला. नंतर 2009-10 च्या मंदीत वाइनच्या द्राक्षाला गिऱ्हाईक उरलं नाही, एका कंपनीकडं आमचेही पैसे अडकले, कितीतरी जणांनी बागा तोडल्या. चेनिन मात्र मी ठेवली. असो, विषय जेवणाचा आहे.

आणखी एक. गोऱ्यांचं जेवण पानामागून पान येतं, एका पदार्थाला एक वाइन लावता येते. आपल्या ताटात सगळं एकदम. हात भरतावरून माशावर, माशावरून रश्श्यात, मध्ये कांद्याची फोड. अशा ताटाला सगळ्यांशी जमवून घेणारी एकच बाटली लागते आणि माझ्या मते ती चेनिन. बाकीच्या सगळ्या हौसेच्या. पैसे आखडते घ्यायचे असतील तर नुसत्या चेनिनच्या बाटल्या आणा, कुणी तक्रार करणार नाही.

हौस असेल तर पुढचं ऐका.

वड्या-भज्यांना स्पार्कलिंग. डाळीचं पीठ आणि तेल याला बुडबुड्यांसारखं औषध नाही. स्पार्कलिंगचा माल आम्ही सगळ्यात आधी तोडतो, साखर अठराच्या आसपास असतानाच, कारण त्यात आंबटपणाच हवा असतो. सुलाची ब्रूट आहे, यॉर्कचीही चेनिनपासून केलेली चांगली आहे. (यॉर्क 2021 पासून सुलाकडंच आहे, पण धरणाचं पाणी बघत बसायला त्यांचाच गच्चीवरचा कट्टा बरा.) भजी तळून झाऱ्यावर निथळतायत तेवढ्यात बूच काढा. भजी थंड झाली की मजा गेली.

चिलापी आणि भरीत, दोन्हीला सोव्हिन्यों ब्लांक. ही वाइन नाकाशी धरली की ओलं गवत, हिरवी मिरची, ढोबळी मिरची असा वास येतो. पायराझिन नावाचा घटक आहे, तो ढोबळी मिरचीतही असतो. भरतात हिरवी मिरची, कोथिंबीर, कांद्याची पात आणि भाजलेल्या वांग्याचा धूर. हिरव्याला हिरवं मिळतं. चिलापीबद्दल मात्र सांगून ठेवतो, वाइनपेक्षा मासा महत्त्वाचा. धरणाच्या माशाला चिखलाचा वास असतो. पोटातली काळी पातळ त्वचा खरवडून काढायला सांगा, मग मीठ-हळद चोळून वीस मिनिटं, धुवायचं, आणि मग आलं-लसूण-लिंबू. रव्यात तिखट बेताचं. कल्ल्यापाशी चार आडव्या चिरा दिल्या की मीठ आत जातं आणि कड कुरकुरीत होते. तव्यावरून थेट ताटात, वर लिंबू पिळायचं. लिंबू पडलं की कमी आंबट वाइन पाणचट लागते, सोव्हिन्यों टिकून राहते.

जिलेबी-बासुंदीबरोबर काही देऊ नका. गोडाबरोबरची वाइन त्या गोडापेक्षा जास्त गोड लागते, नाहीतर ती आंबट भासते. जिलेबीपेक्षा गोड वाइन या भूतलावर नाही. लेट हार्वेस्ट चेनिन म्हणून असते, द्राक्षं वेलीवर सुकायला लागेपर्यंत ठेवून केलेली, मध आणि जर्दाळूच्या अंगाची. ती बासुंदीच्या आधी, खारवलेल्या काजूंबरोबर छोट्या पेल्यात द्या. तुमच्या आईंना चव बघायची आहे ना, त्यांच्यासाठी हीच. पहिलाच घोट शिराझचा दिला तर त्या पुन्हा वाइनचं नाव काढणार नाहीत.

हिशेब: 750 मिलीच्या बाटलीत पाच ग्लास. नऊ जण, कुणी दोन कुणी तीन धरले तर साडेचार-पाच बाटल्या. चेनिन दोन, स्पार्कलिंग एक, सोव्हिन्यों एक, शिराझ एक. लेट हार्वेस्ट वेगळी, ती छोट्या बाटलीत मिळते.

सोलकढीवाल्या दादांना: सोलकढी आम्हालाही आवडते, पण वाइन संपल्यावर. कोकम आणि कच्चा लसूण यांच्यापुढं कुठलीही वाइन मान टाकते.

लोझानकर

बागवालेदादा, झकास लिहिलंय. मी लेक जिनिव्हाच्या काठी लोझानला राहतो. इथून जवळच लावो म्हणून भाग आहे, तळ्यावर उतरत गेलेल्या दगडी बांधांच्या द्राक्षबागा. 2007 पासून जागतिक वारसा यादीत आहे. इथले लोक म्हणतात की आमच्या द्राक्षाला तीन सूर्य मिळतात: एक आकाशातला, एक तळ्यावरून परावर्तित झालेला आणि एक रात्री बांधाच्या दगडांतून बाहेर पडणारा. द्राक्ष शासला, वाइन हलकी, फारसा आंबटपणा नाही. खायला तळ्यातल्या पर्श माशाचे तुकडे लोण्यात परतलेले, नाहीतर फोंड्यू. घरी आम्ही ती पिठल्याबरोबर पितो. लसणाची फोडणी आणि गरम भाकरी. पिठलं जरा घट्ट हवं. स्विस शेजाऱ्याने दोनदा मागून घेतलंय.

प्रश्न: गंगापूरच्या पाण्याचा तुमच्या बागेला असा काही फायदा होतो का?

पंचवटीकर_काकू

बागवाले भाऊंचं बहुतेक पटलं, एक सोडून. रश्श्याबरोबर मी चेनिन नाही, रोझे देईन. झिन्फँडेलची रोझे इकडे सहज मिळते, तीही किंचित गोड, तीही गार. शिवाय ज्यांना "मटणावर रेडच" असा हट्ट असतो त्यांना रंग बघून समाधान वाटतं. आमच्या ह्यांच्या मित्रमंडळात हा उपाय रामबाण आहे.

मृण्मयी, दोन व्यवहाराच्या गोष्टी. काचेचे ग्लास बंगल्यावर पुरेसे आहेत का आधी विचारून घे. स्टीलच्या पेल्यात वाइनचा ना रंग दिसतो ना वास नीट लागतो. आणि स्वयंपाकाच्या ताईंना मेनूबरोबर वेळही सांग. चुलीवरचं जेवण सांगितल्या वेळेला होत नाही, आणि रिकाम्या पोटी तासभर वाइन पीत बसलात तर मटण येईपर्यंत निम्मी मंडळी आडवी. वड्या आधी, भरपूर, आणि पाण्याचे तांबे भरलेले.

परत घाटातून गाडी नेणारा माणूस आधीच ठरवा आणि त्याला फक्त जिलेबी.

मृण्मयी_डोंबिवली

बापरे, इतकं सविस्तर! सगळ्यांना धन्यवाद. दादा, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून भावाच्या फ्रीजवर लावणार आहे.

दोन भानगडी नव्याने कळल्या. सासूबाई आणि दोन्ही जावा शनिवारी खात नाहीत. पितात मात्र (सासूबाई सोडून)! त्यांच्यासाठी ताई शेवभाजी आणि डाळ-मेथी करणार आहेत, मसालेभात आहेच. त्याला काय? आणि दुसरं, बंगल्यावरचा फ्रीज छोटा आहे, त्यात बासुंदीच मावेल. बाटल्या गार कशा करायच्या? आणि ठेचा ठेवू की नको? बाबांना ठेच्याशिवाय भाकरी उतरत नाही.

बागवाला_गंगावऱ्हे

लोझानकर, तुमचं तळं मैलोन् मैल पसरलेलं नि खोल, हिवाळ्यात ऊब देणारं. आमचं मातीचं धरण, गोदावरीवरचं, नाशिकला पाणी पाजणारं. मार्चपर्यंत पाणी इतकं मागं जातं की काठावर लोक भाजीपाला करतात. दुपारी वारा येतो, पानं कोरडी राहतात, भुरी (पानावरची पांढरी बुरशी) थोडी कमी येते असं काही जण म्हणतात. मला विचाराल तर तळ्याचा खरा फायदा वायनरीच्या गच्चीला होतो, वेलीला नाही. वेलीला ठिबकचं पाणी लागतं, तेही बेतानं. वाइनच्या द्राक्षाला पाणी जास्त झालं की मणी फुगतो नि चव पातळ होते. खायच्या द्राक्षाचं उलटं, तिथं फुगवणीचेच पैसे. एकाच बांधावर दोन बागा आणि पाण्याचे दोन कायदे, गडी नवा असला की गोंधळ घालतोच. पिठलं आणि शासलाचं मात्र ध्यानात ठेवतो. तशी वाइन इथं नाही, पण कमी आंबट काही मिळालं तर बघतो करून.

काकू, रोझे मान्य. भांडण नाही. फक्त ती चेनिनपेक्षा लवकर उतरते, म्हणजे उघडली की त्याच दिवशी संपवावी. आणि घेताना यंदाची नाहीतर गेल्या साली भरलेली घ्यावी, मागं तारीख असते. हेच चेनिन-सोव्हिन्योंला. दुकानात उन्हाच्या काचेमागं उभी केलेली बाटली फुकट दिली तरी घेऊ नका. गाडीच्या डिकीतही दुपारभर ठेवू नका, वाइन शिजते.

आता मृण्मयीताई.

शेवभाजी म्हणजे रश्श्याचीच थोरली बहीण, तर्री तीच, मसाला तोच. तिला चेनिन नाहीतर काकूंची रोझे. शेव रश्श्यात पडल्या पडल्या खावी, तेव्हा ती अजून कुरकुरीत असते. मेथी थोडी अडचणीची. कडू भाजीवर टॅनिनची वाइन घेतली की कडूवर कडू चढतं, म्हणून डाळ-मेथीच्या ताटाजवळ शिराझ फिरकू देऊ नका. सोव्हिन्यों चालेल, डाळीत टोमॅटो असला तर अधिकच बरी. टोमॅटोचा आंबटपणा तिला झेपतो.

मसालेभाताला माझ्याकडं एक खास नाव आहे, विऑनिए. वास मोठा, जर्दाळू नि फुलांचा, आंबट कमी, अंगानं जाड. गोडा मसाला, तोंडली, काजू, वरून साजूक तूप नि ओलं खोबरं, याला ती अशी काही बसते की भात दुसऱ्यांदा घ्यावा लागतो. ही आमच्या काठची नाही. इगतपुरीजवळ मुकणे धरणाच्या काठी वालोने म्हणून छोटी वायनरी आहे, ते लोक करतात. तुम्ही मुंबईकडून येताय, वाट वाकडी करायची तयारी असली तर येतानाच घ्या. नसली तर चेनिन आहेच.

सासूबाईंसाठी वाइनच्याच ग्लासात कोकम सरबत द्या. सगळ्यांच्या हातात सारखा ग्लास दिसला की कुणी कुणाला आग्रह करत नाही.

बाटल्या गार करायला फ्रीज कशाला? घमेलं घ्या, मोठी बादली घ्या. बर्फ टाका, आणि बर्फ बुडेल एवढं पाणी. लोक नुसता बर्फ टाकतात, मग बाटलीला तो दोन-चार ठिकाणीच टेकतो आणि तासभर वाट बघत बसतात. पाणी असलं की चारी बाजूंनी गारवा लागतो. वर दोन मुठी जाडं मीठ, म्हणजे पाणी शून्याच्या खाली उतरतं. वीस-पंचवीस मिनिटांत बाटली तयार. मानेपर्यंत बुडवायची, वरचा घोट कोमट राहता कामा नये. शिराझ त्यात पाच-सात मिनिटंच, नाहीतर ती गप्प बसते, वासच देत नाही. स्पार्कलिंग सगळ्यात आधी घाला आणि सगळ्यात जास्त वेळ ठेवा. उघडताना बूच धरून बाटली फिरवायची. कोमट असली आणि हलवली तर वाइन धरणात आणि बूच शेजारच्या बंगल्यात.

बर्फ गंगापूर गावातून सकाळीच उचलून ठेवा. शनिवारी धरणावर गर्दी असते, दुपारनंतर बर्फ मिळेल याचा भरवसा नाही. सोलकढीवाल्या दादांना बोलवा, बादली धरायला माणूस होईल.

ठेचा ठेवा. ठेच्यापुढं कुठलीच वाइन उभी राहत नाही हे खरं, पण लग्नाला 40 वर्षं झालेल्या माणसाच्या भाकरीवरचा ठेचा मी काढायला सांगणार नाही. ठेच्याचा घास झाला की थोडी कोरडी भाकरी, मग घोट.

सोलकढी_फॅन

बादली धरायला तयार आहे. पत्ता व्यनि करा.